बैलांना ‘हुजूर’ म्हणणारे मामंजी

माझ्या चुलतसासऱ्यांइतका वाया गेलेला शहाणा माणूस अख्ख्या निजाम राज्यात दुसरा नसेल. आमच्या बेंबळीत कॅमेरा एकट्या त्यांच्याकडं, गावात लग्नाला उभी पोरं ढिगानं. पण हे फोटो काढणार कुणाचे? धाराशिवच्या पांजरपोळातल्या म्हाताऱ्या बैलांचे! व्यापाऱ्यांनी पुण्य लागावं म्हणून बाजारातून सोडवून आणलेली, दात पडलेली ती जनावरं. कचेरीला शुक्रवारची सुट्टी लागली की मामंजी शेरवानी चढवून, तिपाई खांद्यावर टाकून तिथं हजर. पोलीस पाटलालासुद्धा अरेतुरे करणारा हा माणूस बैलाला म्हणायचा, “हुजूर, जरा मान वर करा. तकलीफ माफ.” एकदा एका गाईनं कॅमेऱ्याचं काळं फडकं अर्धं चावून खाल्लं, तर माझ्यावरच डाफरले, “भूक लागलीय त्यांना, दिसत न्हाय व्हय गं?”

मी तेव्हा नवी सून. अक्कल बेताची, नथ मात्र मोठी. आई सोलापुराकडं, इंग्रजी मुलखात, अंथरुणाला खिळलेली. तिनं निरोप धाडला, “येणं जमत नसंल तर पोरीचा फोटू तरी दाखवा.” महायुद्धामुळं फोटोच्या काचेच्या प्लेटा मिळेनात, मामंजींकडं एकच उरलेली. मी तोंडाला पावडर थापून, पिठात पडलेल्या उंदरासारखी तयार झाले. मामंजी म्हणाले, “चल पांजरपोळात. तिथं उजेड चांगलाय.”

उजेड कसला! तिथं एक आंधळा बैल होता. मानेवर कुणाचा हात नसला की थरथरायचा.

“ह्यांचा आज-उद्याचा भरवसा न्हाय. तू हात ठेव, दोघांचा मिळून काढतो.”

“बैलासंगट? आई काय म्हणंल, मामंजी?”

“तुला बघायला तुझी आई हाय. ह्यांना कोन हाय?”

मी तणतणत उभी राहिले. “हललीस तर पुसून जाशील!” फडक्यातून आवाज आला. बैल नंदीसारखा गप्प. मी पदर सावरला, नथ सरळ केली, माशी हाकलली. फोटोत बैलाची पापणीन् पापणी दिसत होती, आणि शेजारी मी म्हणजे नुसता धुराचा लोट! “हुजूर झकास आलेत,” मामंजी खूश. आठवडाभर मी त्यांच्या ताटात भाकरी आपटत होते.

त्या माणसानं तो फोटो तसाच आईकडं धाडला. पुढं भावानं सांगितलं, आईनं त्या धुरावरून कितीतरी वेळ बोट फिरवलं आणि हसली. “हीच माझी पोर. एका जागी उभी राहील तर शपथ!”

शेवटपर्यंत तो फोटो तिच्या उशाशी होता. बैलासकट.