आईची घाई

आई मंगळवारी गेली.

पुढे तिच्या आरतीची जुनी कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवली, तर माझा टेप जास्त वेगाने फिरल्यामुळे तिचा आवाज शाळकरी मुलीसारखा बारीक आला. ही आई नव्हती. ती फाइल घेऊन मी पांढुर्ण्यात डीजेची गाणी करून देणाऱ्या एका माणसाकडे गेलो. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

तो माऊसला हात लावत नसे. काळ्या पडद्यावर एका बोटाने आदेश लिहायचा आणि एंटर दाबताना कॉम्प्युटरलाच म्हणायचा, "चल बेटा!" सवयीने त्याने फाइल आणखीच पळवली. आई चिमणीसारखी चिवचिवली.

"माफ करजा भाऊ, वरातीचा हात आहे," तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी मला हसू आलं.

मग त्याने कान दिला. "मागं घंटी वाजून राहिली. घरी आहे का अजून?"

देवघरातली ती घंटी मी दुसऱ्या दिवशी नेली. ती वाजवत वाजवत त्याने फाइलचा वेग उतरवत आणला. "मानसाचा आवाज बदलते भाऊ, पितळेचा नाही बदलत." दोन्ही घंट्या जुळल्या आणि आरतीच्या मधेच आई मला म्हणाली, "आरती थांबव बापा, दूध उतू जाऊन राहिलं!"

"आवाज जमला, पन बोलनं अजून पळूनच राहिलं. पट्टी तशीच ठेवून हळू करू का?"

"नको. ती घाईतच बोलायची."

"मंग राहू द्या." त्याने एंटरवरचं बोट उचललं.

आता घरी घंटी आहे आणि आईचा आवाज आहे, तिच्या घाईसकट.