भोसरीच्या टाकीतले शेवाळ

"साहेब, या, टाकी बघा. तोंड दिसतंय आतमध्ये!"

रहीमभाई अभिमानाने म्हणाले आणि मी कपाळाला हात लावला. खंडेनवमीची साफसफाई चालू होती. भोसरीतल्या आमच्या प्लेटिंग शॉपचे ते फोरमन. तीन महिने मी जोपासलेले शेवाळ त्यांनी ब्रशने तळापर्यंत खरवडून फेकले होते.

आमचे तेव्हाचे मॅनेजर स्नेहमेळाव्यांत अजून सांगतात, की ते शेवाळ आमच्या आळसामुळे आपोआप उगवले होते. हे साफ खोटे आहे. तिथला केमिस्ट मी होतो. शेवाळ मी आणले आणि मीच वाढवले.

त्याचे कारण सांगतो. लोखंडी भागांवर निकेलचा मुलामा चढवल्यावर ते पाण्यात धुतात. त्या पाण्यात निकेल उतरते आणि पाणी ओढ्याला जाते. लोकर जसा रंग धरते, तसे शेवाळ हे निकेल धरून ठेवते. सरकारी तपासनीस आधी येऊन गेले होते. पाण्यात त्यांनी औषधाचे थेंब टाकताच ते लालभडक झाले. निकेल असल्याची ती खूण. शेवाळ पुरते वाढायचे होते, म्हणून ते पाणी मी तोवर त्याच्या टाकीत सोडले नव्हते. "आठ दिवसांनी पुन्हा येईन. पाणी असेच निघाले, तर शॉपला कुलूप," एवढेच ते बोलले होते. त्यातले पाच दिवस उरले होते.

मॅनेजर कडाडले, "तुम्हाला केमिस्ट म्हणून घेतलंय की माळी म्हणून?"

"पाण्यातलं निकेल जाईपर्यंत माळीच समजा."

रहीमभाई मात्र दुखावले. "एवढी घाण तुम्ही मुद्दाम ठेवली होती? मग बोलायचं ना, साहेब!" मग तेच म्हणाले, "शेजारच्या फाउंड्रीत कूलिंग टॉवरखाली पाहिजे तेवढं आहे."

ही कल्पना आपली होती, असेही मॅनेजर सांगतात. ती रहीमभाईंची होती. मी समोर उभा होतो.

फाउंड्रीचा फिटर त्या शेवाळाला विटलेला होता. "न्या राव, सगळं न्या! वर चहा पाजतो." आम्ही बादल्या भरभरून आणल्या. झेंडूच्या माळा घातलेल्या यंत्रांमधून ती हिरवी मिरवणूक निघाली, तेव्हा अख्खे शॉप हसत होते. मी रोज पाणी तपासत होतो. आधी लाल, मग गुलाबी, मग फिकट गुलाबी.

ठरल्या दिवशी तपासनीस आले. थेंब पडले. आम्ही सगळे त्यांच्या हातातल्या काचनळीकडे पाहत राहिलो. पाणी नितळच राहिले.

"आणि टाकीत हे हिरवे काय?" त्यांनी विचारले.

मॅनेजरांनी तोंड उघडण्याआधीच रहीमभाई उत्तरले, "नवा कामगार आहे, साहेब. ओव्हरटाइम मागत नाही."

तपासनीसही हसले. कुलूप टळले. त्या दिवशी कँटीनमधली जिलेबी दुपारीच संपली.

कारखान्यात काय करावे याचे फलक पुष्कळ असतात; काय करू नये, याचाही एक हवा. 'ही टाकी घासू नये' असा फलक मी वेळेवर लावला नव्हता. तेवढी चूक माझी. बाकी हकिगत मी सांगतो तशीच आहे.