यंत्रांची आंघोळ

मंजूषाला मंडीदीपच्या कोंबडीखाद्याच्या कारखान्यात नोकरी लावली ती आमच्या ह्यांनी. हे, प्रभाकरराव, तिथले मॅनेजर. ती बरखेड्यातल्या आमच्या मराठी मंडळातली, वडिलांविना वाढलेली, ह्यांना काका म्हणणारी. "आपलं माणूस असलं की घोर नाही," असं हे चारचौघांत मिरवायचे.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली ही पोर यंत्रांच्या सांध्यांतून कापसाचा बोळा फिरवी आणि त्यावर कुठले जंतू वाढतात ते बघे. तिचं पालुपद एकच: "काकू, धूळ परवडली, पाणी नको!" खाद्याच्या गरम गोळ्या ज्या कूलरमध्ये थंड होतात, तिथे पाणी शिरलं की भुकटी भिजते, पत्र्यावर बुळबुळीत थर धरतो आणि त्याच्या आत जंतू सुखाने नांदतात. मग वरून औषध मारा नाहीतर डोकं आपटा. म्हणून तिथली सफाई ब्रशने, कोरडी.

पण विश्वकर्मा पूजेला यंत्रांना आंघोळ घालायची तिथली रीत. यंदा कूलरला नुसतं हळदकुंकू लावायचं, असा शब्द मंजूषाने ह्यांच्याकडून घेतला. माझ्यासमोर, आमच्याच घरी जेवताना. मग ती निर्धास्तपणे आईला घेऊन नागपूरला लग्नाला गेली.

पुढे खाद्यात साल्मोनेला नावाचा जंतू निघाला. गिऱ्हाइकांची पिल्लं मरू लागली. "कूलर कोरडाच होता गं, तू कच्चा माल बघ," हे तिला म्हणाले. ती बिचारी मक्याची पोती उपसत बसली. काकांचा शब्द तपासून बघायचा असतो, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी कूलर उघडला तर आत बोटाला थर लागला. कामगार म्हणाले, "दीदी, पूजा में शेठजी आनेवाले थे ना, साहब ने खुद पानी का पाइप पकड़ा था."

कारखान्याच्या मालकासमोर, शेठसमोर, ह्यांनी काय सांगावं? "मी पाणी मारू नका म्हटलं होतं. बघायचं काम हिचं." मंजूषाची नोकरी गेली, वर बेजबाबदार हा शिक्का बसला. हे सगळं मला तिच्याकडून कळलं. घरात ह्यांनी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. पस्तीस वर्षं ह्या माणसाला जेवायला वाढतेय मी. त्या दिवशी त्याच्या ताटात भात वाढताना मला किळस आली.

रविवारी मंजूषा घरी आली. हे आतून मला खुणावत होते, नाही म्हणून सांग. मी मोठ्याने म्हटलं, "आहेत घरात. ये."

ती रडली नाही, भांडली नाही. "काका, माझ्या जागी कोण आलंय?"

"वैशाली," हे पेपरात बघत म्हणाले. "आपल्या मंडळातलीच आहे. आपलं माणूस असलं की बरं."

मी फोन काढला आणि ह्यांच्या देखत वैशालीचा नंबर मंजूषाला दिला. "तिला तरी आधी सांगून ठेव."