कुंचीखालचं हेल्मेट

देवासच्या आमच्या दारात टाटा सुमो उभी होती. टपावर चार बॅगा दोरीने आवळल्या होत्या आणि ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी हाका मारत होता, "चलो भिया, इंदौर में जाम मिल जाएगा!" भिया म्हणजे माझा नवरा मकरंद, आणि तो आत पासपोर्ट शोधत होता. माझी आई धारहून पहिल्या बसने निरोप द्यायला आली होती. सगळ्यांना नमस्कार करून झाले, तशी तिने पिशवीतून वीतभर लांबीची एक उशी काढली आणि हळूच माझ्या हातातल्या बॅगेत सरकवली. आत राई, म्हणजे मोहरी, भरलेली होती. डोकं गोल व्हावं म्हणून तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली ठेवायची उशी. आमच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि बाळाचा पत्ता नव्हता.

"असू दे गं," आई म्हणाली, "आज ना उद्या लागेलच."

सासूबाई, माझी नणंद वैशाली, शेजारच्या दोन बायका, सगळ्या बघत होत्या. मला इतकी लाज वाटली की मी उशी बाहेर काढून सगळ्यांदेखत तिच्या हातात परत दिली. "आई, तिकडे असलं काही चालत नाही." कोणीतरी हसलं. आईही हसली आणि तिने उशी पिशवीत ठेवली. अमेरिका मी अजून पाहिलीही नव्हती, पण तिकडे काय चालतं आणि काय चालत नाही हे मला सगळं ठाऊक होतं!

हे मी देवासच्या आणि धारच्या माझ्या माणसांसाठी लिहिते आहे. आमच्यासारखे तिकडून उठून इकडे आलेल्यांनीही वाचलं तरी चालेल, कारण आपण इथे येऊन काय काय शिकलो ते सगळ्यांना सांगतो, आणि काय काय केलं ते गिळून टाकतो. मी सहा वर्षं गिळलं.

आधी आईबद्दल. देवासच्या मंडळींनी तिला फक्त विहीणबाई म्हणून पाहिलंय, गप्प बसणारी, पदर सावरणारी. धारला ती अशी नव्हती. आमच्या गल्लीत कोणाकडे बाळंतीण आली की दहाव्या-बाराव्या दिवसापासून आईला बोलावणं यायचं. पाटावर बसून ती दोन्ही पाय पुढे पसरायची, त्यावर बाळ पालथं घालायची आणि कोमट तेलाचा हात फिरवायची. रडून घर डोक्यावर घेणारी पोरं तिच्या पायांवर गप्प व्हायची. नव्वदच्या दशकात धारमध्ये जन्मलेली आमच्या ओळखीतली बहुतेक मुलं त्या पायांवर न्हायली असतील. एकदा जवळच्या नालछ्याहून एकजण स्कूटर घेऊन तिला न्यायला आला होता, "मावशीजी, चालो, बाई ने बुलायो है." मी कॉलेजात होते, ती मागे एका बाजूला पाय टाकून बसली आणि माझ्याकडे बघून राणीसारखा हात हलवला. बदल्यात ती नारळ आणि खण एवढंच घ्यायची. पण बाळाला हातात घेतल्या घेतल्या ती जे सांगायची, ते सगळे कान देऊन ऐकायचे. याचं पोट गच्च आहे. हिचा उजवा पाय जरा आखडतो, दाखवून घ्या.

तर ओहायोत दोन वर्षं काढल्यावर मला दिवस राहिले, आणि आई आली. सहा महिन्यांच्या व्हिसावर, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून. तिच्या बॅगेत मेथीचे लाडू होते, तिच्या जुन्या माहेश्वरी लुगड्याची शिवलेली कुंची होती, आणि तीच उशी. या वेळी मी ती कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली. हॉस्पिटलने दिलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, बाळाला पाठीवर झोपवा, पाळण्यात उशी ठेवू नका. ते बरोबरच होतं, आजही बरोबर आहे. आईला समजावून सांगितल्यावर तीही म्हणाली, "डॉक्टर नाही म्हणतात तर नाही, बाई. मला उशीचा काय एवढा सोस."

पण त्याच पुस्तिकेत पुढच्या पानावर आणखी लिहिलं होतं. बाळ जागं असेल तेव्हा त्याला पोटावर ठेवा, मान दोन्हीकडे वळू द्या. ते पान मी वाचलं होतं. मला वाचलं नव्हतं म्हणता येत नाही. मला एक परीक्षा द्यायची होती, ती झाली की नोकरी मिळणार होती, आणि चिन्मय पालथा घातला की किंचाळायचा. बॅटरीवर डुलणारा एक झोपाळा आम्ही आणला होता. त्यात ठेवला की तो गप्प. मग दुपार तिथे, सकाळ तिथे, गाडीत कार सीटमध्ये, घरी आल्यावरही त्याच कार सीटमध्ये झोपलेला, उठवायचं कशाला. आईने तेलाची वाटी घेतली की मकरंद घाबरायचा, टाळू केवढी मऊ आहे म्हणायचा. दुसऱ्याच आठवड्यात मी तिला सांगून टाकलं की डोक्याला हात लावू नकोस. तिने लावला नाही. अंगालाही मग आठवड्यातून एकदा, तेही मी जवळ उभी असताना.

"हा एकाच बाजूला बघतो गं," ती दीड-दोन महिन्यांनी म्हणाली. "दे जरा माझ्या पायांवर. रडेल तर रडेल."

"आई, प्लीज. आत्ता कुठे शांत झालाय."

हे ती तीनदा तरी म्हणाली असेल. चौथ्यांदा म्हणाली नाही.

चौथ्या महिन्याच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी चिन्मयचं डोकं वरून पाहिलं आणि मलाही पाहायला सांगितलं. उजवीकडून मागे चपटं झालं होतं, आणि उजवा कान डाव्यापेक्षा पुढे आला होता. मी रोज त्याचे पापे घेत होते, आणि मला ते दिसलं नव्हतं. मानेचा एक स्नायू आखडलेला होता, म्हणून तो एकीकडेच बघायचा, आणि सतत आडवा ठेवल्याने तीच बाजू दबत गेली. मानेचे व्यायाम करायचे आणि डोक्याला आकार यावा म्हणून हेल्मेट घालायचं. ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून त्याच्या डोक्याचा साचा घेतला तेव्हा तो निळा होईस्तोवर रडला. आईने त्याचे पाय धरून ठेवले होते आणि ती त्याला हळू आवाजात काहीतरी सांगत होती. मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

हेल्मेट पांढरं होतं, आत फोम, एका बाजूला पट्टा. दिवसाचे तेवीस तास घालायचं, एक तास आंघोळीला सुट्टी. काढलं की घामाचा आंबट वास सुटायचा, आणि आई ते पुसून खिडकीत वाळवायची. दुकानात बायका थांबून हसून विचारायच्या, हेल्मेटचे किती महिने राहिले? त्यांच्यासमोर मला काही वाटत नव्हतं. मला भीती देवासची होती. मी तिकडे प्रत्येक फोनवर सांगत आले होते की इथे आम्ही सगळं कसं पुस्तकाप्रमाणे करतो. सासूबाई गल्लीभर सांगायच्या, आमची सून बघा. आता त्या सुनेच्या मुलाच्या डोक्यावर प्लास्टिकचं भांडं होतं.

आईने तिची कुंची उसवली. बाजूला पट्ट्या जोडून मोठी केली आणि हेल्मेटवरून बसेल अशी पुन्हा शिवली. "हं, आता काढ फोटो," म्हणाली. माझ्या मनातलं तिने न सांगता ओळखलं होतं. मी फोटो काढून वैशालीला ईमेल केले.

शनिवारी सकाळी सासूबाईंचा फोन आला. "वैशालीने कॉम्प्युटरवर फोटो दाखवले गं. पण चिनूचं डोकं एवढं मोठं का दिसतंय? खरं सांग, काय झालंय?"

मग मला सांगावंच लागलं. हेल्मेट म्हटल्यावर त्या रडायलाच लागल्या. "माझ्या नातवाला काय केलंत तुम्ही?"

स्वयंपाकघरात आई भांडी घासत होती. मी तिच्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "आईने मालिश करताना डोकं जरा जोरात दाबलं. तिकडची सवय ना. मी सांगत होते तिला."

मागे नळ बंद झाला. सासूबाई म्हणाल्या, "अरे देवा, विहीणबाईंना एवढंही कळू नये?" मी म्हणाले, "जाऊ द्या, तिचा काही हेतू नव्हता." म्हणजे वर मोठेपणाही मीच घेतला! फोन ठेवून वळले तेव्हा आई कुकर पुसत होती. तिने विचारलं, "भात टाकू का?" मी हो म्हणाले. आम्ही दोघी जेवलो. ती गेली त्या दिवशीपर्यंत मी तो विषय काढला नाही, आणि विमानतळावर रडले ते ती चालली म्हणून, असं मी मकरंदला सांगितलं.

चिन्मय नऊ महिन्यांचा असताना हेल्मेट सुटलं. डोकं छान गोल झालं. माझ्या बोलण्याचं काय झालं असेल, हे मला विचारावंसं वाटलं नाही.

ते कळलं वैशालीच्या पहिल्या मुलीच्या बारशाला. बाळंतपण माहेरी, देवासला होतं, आणि आम्हीही सुट्टीवर आलो होतो. आई धारहून आली. तिने नवी कुंची आणि नवी राईची उशी आणली होती. सासूबाईंनी कुंची घेतली. उशी परत तिच्या पिशवीत ठेवली, "ही राहू द्या हो विहीणबाई." बाळ सगळ्यांच्या हातातून फिरत होतं. आईपर्यंत आलं की पुढच्या बाईकडे जात होतं. कोणी मुद्दाम करत होतं असं नाही, पण होत होतं. आई हात मांडीवर ठेवून बसली होती. माझ्या शेजारी बसलेली धारची आमची एक नातेवाईक म्हणाली, "तुझ्या चिनूचं झालं ना तसं, तेव्हापासून तुझ्या आईला फारसं कोणी बोलवत नाही. कानोकानी गेलं गं. पोरीबाळी घाबरतात."

मी उठून सासूबाईंकडे गेले. "आई, चिनूच्या डोक्याचं ते खरं म्हणजे…"

"हो, हो," माझी आई मध्येच म्हणाली, आणि हसली. "माझाच हात जड. म्हातारपण दुसरं काय! आता मी कोणाला हात लावतच नाही."

सगळ्या हसल्या. खोलीत वीस बायका होत्या. मला एक वाक्य बोलायचं होतं. वैशालीने माझ्या हातात पेढा दिला आणि मी तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तिला धारला पोचवायला मी बसमध्ये तिच्याबरोबर होते. इंदूरला गाडी बदलून आम्ही खिडकीजवळ बसलो तेव्हा मी विचारलं, का म्हणालीस असं. ती बाहेर बघत होती. "तुला त्या घरात जन्म काढायचाय, बाई. मला काय, संध्याकाळी धारला जायचंय." मग तिने पिशवीतून शेंगदाण्यांची पुडी काढून मला दिली.

या गोष्टीलाही तीन वर्षं होत आली. इथे ओहायोत आमचं घर आहे, मागे अंगण आहे, चिन्मय पहिलीत जातो. त्याला मराठी कळतं, वाचता येत नाही. तुझं घर कुठे असं कोणी विचारलं की मी हाच पत्ता सांगते. पण खरं घर विचाराल तर मला ते पसरलेले दोन पाय दिसतात, ज्यांवर मीही कधीतरी पालथी पडून रडले असेन. माझ्या मुलाला मी तिथे पडू दिलं नाही, आणि नंतर गावातल्या मुलांनाही पडू दिलं नाही.

वैशाली, तुझं दुसरं बाळंतपण चैत्रात आहे. सासूबाई, हे तुम्ही मोठ्याने वाचा, सगळे बसले असताना, कारण मला तिथे उभं राहून बोलता आलं नव्हतं. चिन्मयच्या डोक्याला माझ्या आईने कधी जोर लावला नाही. तिला मी हात लावू दिला नव्हता. त्याला झोपाळ्यात ठेवणारी मी होते आणि दोष तिच्यावर ढकलणारीही मीच.

चैत्रात तिला बोलवा. उशी नका ठेवू, डॉक्टर सांगतील तसंच झोपवा. पण बाळ जागं असेल तेव्हा तिच्या पायांवर द्या, आणि ती काय सांगते ते ऐका. ती आधी नाही म्हणेल, हात जड झालाय म्हणेल. तरी बोलवा. तिचा हात जड नाही. ते माझं खोटं आहे, एवढी वर्षं ती सांभाळून बसली आहे.