ढोलीचा ओंडका

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिक रोडच्या वखारीतच होतो. दाजींना धड बोलताही येत नव्हतं... घाईघाईने निघताना हमालांना एवढंच सांगितलं, "सगळ्यात वाळलेली लाकडं स्मशानात पोचवा." वखारवाल्याची सख्खी बहीण. तिच्यासाठी लाकडं दुसरीकडून कशाला आणायची? याला आता महिना झाला.

सुनंदाताई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. वडिलांची वखार मी धरली, ती वनखात्यात गेली. तोड तीही करवून घ्यायची, पण तिची रीत वेगळी. पेठकडच्या सागाच्या जंगलात तोडीआधी ती प्रत्येक झाड बोटांनी वाजवत फिरायची. भरीव झाडांवर तोडीची खूण व्हायची, पण वाळलेलं, ढोली पडलेलं झाड उभंच राहायचं. नाल्याकाठच्या झाडांना तर कुणाला हातही लावू द्यायची नाही. "बाई, वाळलंय ना ते, नेऊ द्या की," ठेकेदार विनवायचा. "आत भाडेकरू आहेत," ताई म्हणायची. भाडं कोण वसूल करतं, म्हणून मी तिला छळायचो.

गेल्या उन्हाळ्यात वखारीत आली तेव्हाही ती सवयीने ओंडके वाजवत हिंडली. कुणाच्या शेतातला वाळका आंबा आला होता, मधोमध ढोली असलेला. तिने आत हात घालून दोन मऊ पिसं काढली. "हा चिरू नकोस रे. माझ्या अंगणात उभा करू, पिंगळे येतील."

"पाठवतो," मी म्हणालो. मग टेम्पो मोकळा नव्हता, मग पाऊस लागला, मग लग्नसराई... खरं म्हणजे मला ते महत्त्वाचं वाटलंच नाही. ओंडका छपराखाली वाळत पडला.

चितेवर तो मधोमध होता, ढोली वर करून. वखारीत सगळ्यात वाळलेला तोच. भाच्याच्या हातात अग्नी होता, लोक ताटकळले होते. मी ओंडका ओळखला आणि गप्प राहिलो. एवढा काढा, असं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? त्याची लाज अजून जात नाही.

परवा दाजींकडे गेलो. अंगणात कुंपणाला लागून ताईने ओंडक्यासाठी दोन दगड रोवून ठेवलेत. मधली जागा ती झाडून ठेवायची, आता दाजी झाडतात. चहा देताना ते म्हणाले, "तिचा तो ओंडका तेवढा पाठव बाबा. फार वाट पाहिली तिने."

"पाठवतो," मी म्हणालो.