साखरेचं रॉकेट आणि माझा गॅस

गेल्या शनिवारी दुपारी बेलव्ह्यूच्या लायब्ररीतून घरी आले, तर दारातच करपलेल्या साखरेचा वास... वाटलं, बाबा चिक्की करतायत.

बाबा म्हणजे माझे वडील. नागपूरला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, आता रिटायर्ड. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत आलेत.

आत गेले आणि जागीच थांबले. गॅसवर माझी कढई, त्यात साखर वितळतेय, बाबा ढवळतायत. माझा नवरा निखिल थर्मामीटर धरून उभा. कढईपासून हातभर अंतरावर पांढऱ्या पावडरीचा डबा. आणि स्टुलावर आमची सहा वर्षांची ईरा... डोळ्यांना पोहण्याचा गॉगल लावून!

"मॉम, आजोबा इज मेकिंग रॉकेट चिक्की!"

मी आधी गॅस बंद केला. मग ईराला उचलून बाहेर नेलं. मग परत येऊन तोंड उघडलं.

निखिल इथल्या एका हौशी रॉकेट क्लबचा मेंबर आहे. त्यांच्या रॉकेटचं इंधन चक्क साखरेचं असतं. साखर जळते, आणि त्या डब्यातली पावडर तिला ऑक्सिजन पुरवते. म्हणूनच क्लबचा नियम कडक... इंधन फक्त क्लबच्या शेडमध्ये, मेंटरसमोर करायचं. घरी नाही, गॅसवर तर नाहीच. निखिलने त्यावर सही केलीय.

"अगं, नुसती साखर आहे," बाबा म्हणाले. "दुसरं काहीच घातलं नाही अजून."

"अजून? म्हणजे घालणार होतात?"

आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांवर ओरडले. निखिलला तर काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

जास्त चीड याची, की दोन आठवडे मी खूश होते. लग्नाला आठ वर्षं झाली, पण या दोघांचं बोलणं हवामानाच्या पुढे कधी गेलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी वही घेऊन बसायचे... इंधनाला साधी साखर घ्यायची, की डेक्स्ट्रोज, सॉर्बिटॉल अशी दुसरी गोड पावडर? मी मैत्रिणींना कौतुकाने सांगितलंही होतं. मूर्ख मी!

निखिलला मी तिथल्या तिथे क्लबच्या मेंटरला फोन करायला लावला. कॅरोल, सत्तरीची बाई. अर्ध्या तासात स्वतः आली आणि आधी तो डबा गाडीत नेऊन ठेवला.

मग तिने बाबांना शांतपणे विचारलं, साधी साखरच का? बाबा म्हणाले, घरात असते, शुद्ध असते. ती म्हणाली, पण साधी साखर वितळते आणि लगेच करपायला लागते, मध्ये फारशी जागाच नाही. सॉर्बिटॉल बरंच आधी वितळतं, म्हणून आम्ही ते निवडलं. आणि तेसुद्धा लहान मूल असलेल्या घरात नाही.

बाबांनी कढईत बघितलं. कडेने काळं झालं होतं.

"मी तीस वर्षं पोरांना लॅबचे नियम शिकवले," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "निखिलला बोलू नकोस. तो सॉर्बिटॉलच म्हणत होता, क्लबातच करू म्हणत होता. हट्ट माझा होता."

म्हणजे एवढा वेळ हा माणूस माझ्या शिव्या खात होता आणि एक शब्द बोलला नव्हता! मला आणखीच राग आला. कॅरोल गेल्यावर विचारलं, तुला नाही म्हणता येत नव्हतं?

"बाबा पहिल्यांदाच माझ्याशी इतकं बोलत होते गं..."

मी करपलेली कढई घासायला घेतली.

कॅरोलने निखिलला या सीझनभर इंधनाच्या कामातून काढलंय. बरोबरच केलं. तरी जाताना बाबांना म्हणाली, क्लबात या, सॉर्बिटॉल कसं वितळतं ते लांबून बघा. उद्या दोघं जातायत.

माझा राग गेलेला नाही. बाबांशी बोलते, पण कामापुरतंच. एका फोनवर धावत आलेल्या त्या बाईचे मात्र आभार कसे मानू, कळत नाही.

निखिलला एकच सांगितलंय... यापुढे माझ्या बाबांना सरळ तोंडावर 'नाही' म्हणायचं. रुसले तर रुसू देत, त्यांची समजूत मी काढीन.