चार नंबरच्या प्रेसवरचं कुंकू

आमच्या ह्यांचं डोकं सोमवारपासून ठिकाणावर नाही. हे म्हणजे पुरुषोत्तम, माझे यजमान, वय एकाहत्तर. चिंचवडहून इटलीतल्या तोरिनोला गेले आणि मोटारींचे पत्रे दाबणाऱ्या चार नंबरच्या प्रेसवर एकोणीस वर्षं राबले. तिथे ज्याच्या-त्याच्या घरी कोणीतरी मोटारींच्याच कामावर. मग सहा वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला आणि आम्ही मुलाकडे अमेरिकेत फ्रिस्कोला आलो.

सोमवारी तिथून मेल आला. कारखान्याचं आता सांस्कृतिक केंद्र झालंय, ह्यांची प्रेस मधोमध ठेवलीय. रंग द्यायचाय, पण अंगावर लाल-पिवळे डाग आहेत. ठेवायचे की पुसायचे?

डाग कसले, दर खंडेनवमीला ह्यांनी लावलेलं हळदकुंकू, तेलात मुरलेलं. शेजारच्या मशिनवरचे इटालियनही हात जोडायचे आणि पेढे खायचे.

"ठेवा म्हणून कळवा की," मी म्हटलं.

"पण ती चालते का? पूजा चालत्या हत्याराची करतात, मालिनी."

तसं विचारलं. उत्तर आलं, मोटर काढलीय. शनिवारी तिच्याभोवती व्हायोलिन वाजतं, लोक जेवणाआधी ग्लास हातात घेऊन गप्पा मारतात. हे आणखीच गोंधळले. लोक खूश आहेत, म्हणजे चांगलंच ना? मग वाईट का वाटतंय? नात अबोली म्हणाली, "दॅट्स सो कूल, आजोबा." घ्या, झालं समाधान. चार दिवस मेल लिहितायत आणि खोडतायत.

आज खंडेनवमी. पाटावर मुलाचा लॅपटॉप ठेवला. ह्यांची लोखंड घासायची कानस दरवर्षी असते, आज नाही.

"आणा की."

"सहा वर्षांत तिनं काही घासलंय का? ती प्रेस काय न् मी काय."

राग आला आणि रडूही. म्हटलं, "माझी विळी बोथट झालीय. भोपळा चिरला जात नाही. धार लावून द्या, मग बघू पूजेचं."

गराजमध्ये अर्धा तास कानस चालली. अंगठ्यानं धार बघत परत आले, कानस स्वतःच पाटावर ठेवून तिला कुंकू लावलं. मग मेल पाठवला, डाग राहू द्या. "बरोबर केलं की चूक, कोण जाणे," म्हणाले.

विळी मुळात बोथट नव्हतीच. सकाळी हे अंघोळीला गेले तेव्हा मीच बॅकयार्डच्या फरशीवर घासून तिची धार घालवून आले होते.